सेलिनाने घासून काढलेली राणी

क्रॉसडेल गावात मिल लेनवर सेलिना ऑर्मरॉडच्या घराची पायरी लांबूनच ओळखू यायची. बाकीच्या बायका पायऱ्या घासत नव्हत्या असं नाही. भंगारवाल्याला चिंध्या द्यायच्या, त्याच्याकडून पिवळा दगड घ्यायचा आणि गुडघे टेकून पायरीच्या कडेला तकतकीत पट्टा ओढायचा, हे आमच्या गल्लीत चहा पिण्याइतकं नेमाचं होतं. पण सेलिनाची पायरी अशी असायची की पोस्टमन तिच्यावर पाय न देता रस्त्यातूनच वाकून पत्र आत टाकायचा. एकदा चॅपलच्या पाद्रीबाबांचा चुकून पाय पडला, तर ते पटकन ‘माफ करा’ म्हणाले. सेलिनाला म्हणाले की पायरीला, यावर शेजारची टॅबिथा क्लेग आणि तिच्या जावेत बरेच दिवस वाद चालला होता.

आणि अशा बाईला नवरा कुठला मिळावा? कोळसेवाला.

एनॉक ऑर्मरॉड सकाळी घोडागाडी घेऊन बाहेर पडायचा आणि संध्याकाळी नुसते डोळे आणि दात घेऊन परत यायचा. बाकीचा एनॉक कोळशाखाली असायचा. तो मागच्या बोळातून परसात यायचा, तिथे सेलिनाने पाण्याची बादली तयार ठेवलेली असायची, आणि उन्हाळा असो की बर्फ पडत असो, अंगावरचं पाणी निथळेपर्यंत त्याला घराचं दार उघडत नसे. पुढच्या दाराने तो लग्नाच्या दिवशी आत आला होता, आणि एकदा पाय मोडला तेव्हा चौघांनी उचलून आणला होता. त्या वेळीही सेलिना चौघांना म्हणाली होती, “बूट काढा आधी.”

एनॉकची त्याबद्दल तक्रार नव्हती. त्याचं सगळं आयुष्यच मागच्या दाराचं. अख्ख्या गावात कोळसा पोचवायचा म्हणजे अख्ख्या गावाच्या परसातून हिंडायचं. डॉक्टरांच्या घराचं स्वयंपाकघर त्याला पाठ होतं, दिवाणखाना त्याने कधी पाहिला नव्हता. गिरणीच्या मालकाकडची मोलकरीण त्याला खिडकीतून हाक मारायची, “ए काळोबा, पोतं हळू टाक, मांजर झोपलंय.” तोही हळू टाकायचा.

या माणसाच्या आयुष्यात पुढच्या दाराची अशी एकच गोष्ट होती, आणि ती स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या वरच्या खणात होती. ते त्याचं पदक. तरुणपणी गिरणीच्या मुकादमाशी भांडून तो पलटणीत शिरला आणि पलटण त्याला दक्षिण आफ्रिकेत घेऊन गेली, बोअर लोकांशी लढायला. तिथून तो हे घेऊन आला. चांदीचा गोल, एका बाजूला राणीचा चेहरा, वर लाल-निळी-केशरी फीत, फितीवर लढायांच्या नावांच्या आडव्या पट्ट्या. आणि गोलाच्या कडेवर, नाण्याला जिथे खाचा असतात तिथे, बारीक अक्षरात त्याचा शिपाईनंबर, नाव आणि पलटण.

सेलिनाने एनॉकला पहिल्यांदा पाहिलं ते चॅपलच्या मिरवणुकीत. ती सांगायची, “आधी मला ते मेडल दिसलं. उन्हात असं काही चमकत होतं म्हणता. माणूस नंतर दिसला. तोवर उशीर झाला होता.”

लग्नानंतर तिने पदक ताब्यात घेतलं. त्या खणाला एनॉकने हात लावायचा नाही, कारण त्याच्या बोटांच्या रेघांत कोळसा घर करून होता आणि तो आंघोळीने काय, देवाकडूनही निघाला नसता. चॅपलच्या सणाला ती स्वतः त्याच्या छातीवर पदक लावायची आणि संध्याकाळी स्वतः काढून ठेवायची. आणि दर शुक्रवारी, चुलीची जाळी काळी कुळकुळीत केल्यावर, पितळी मेणबत्तीदाण्या झाल्यावर, दाराची कडी झाल्यावर, सगळ्यात शेवटी, गोडधोड खावं तसं, ती पदक घ्यायची. जुन्या फ्लॅनेलच्या बनियनचा तुकडा, त्यावर चांदीची पूड, आणि मग घास घास घास. पाठीला रग लागली की उठायची, आरशासारखं त्यात बघायची आणि ठेवून द्यायची.

वर्षामागून वर्षं असे शुक्रवार गेले. मुली मोठ्या झाल्या, लग्न होऊन ओल्डहॅमला गेल्या. त्या दरम्यान राणीचं नाक गेलं.

मग राणीचा पदर गेला. मग राणी आहे की बटाटा आहे असं झालं. सेलिनाला ते दिसत होतं, पण पातेल्याचा तळ झिजतो तशी राणी झिजते, त्यात एवढं काय, असं ती स्वतःला समजावायची. कडेवरचं नाव फिकट होतंय हेही तिला कळलं होतं. एका शुक्रवारी तिने ठरवलं, आज नुसती फुंकर मारून पुसायचं. पुसलं. पण एक अंगठ्याचा डाग राहिल्यासारखा वाटला. हात आपोआप पुडीच्या डबीकडे गेला.

एनॉकला यातलं काही माहीत नव्हतं. पदक छातीवर असतं तेव्हा माणसाला ते स्वतःला दिसत नाही, दिसते ती फक्त चमक. आणि चमकेबद्दल बोट दाखवायला जागा नव्हती.

त्याला सांगायला गोष्ट मात्र होती. चॅपलमध्ये बटाटा भरून भाजलेल्या ‘पाय’चं जेवण असलं की दुसऱ्या वाढपाला एनॉकच्या गोष्टीला तोंड फुटायचं. नदीपलीकडची ती टेकडी, वरून गोळ्यांचा पाऊस, पहाटेचं धुकं आणि वर चढणारी पलटण. सुरुवातीला या गोष्टीत एनॉक बिगुलवाल्याच्या मागे बराच लांब कुठेतरी असायचा. पुढे तो आठवा झाला. नंतर सहावा. महायुद्ध संपेपर्यंत तो चौथ्या नंबरावर आला होता. आणखी काही वर्षं शांततेत गेली असती तर बिगुलवालाच त्याच्या मागे पडला असता. लोक ऐकून घ्यायचे. कोळसेवाल्याशी कोण वाकडं घेणार, हिवाळा लांब असतो.

तर महायुद्धात गेलेल्या पोरांचं स्मारक बाजारचौकात उभं राहिलं आणि नोव्हेंबरात त्याचं उद्घाटन ठरलं. माजी सैनिकांच्या क्लबाने संचलन आखलं. सगळ्यात पुढची रांग जुन्या लढायांतल्या म्हाताऱ्यांची. क्रॉसडेलमध्ये असे म्हातारे उरले होते चार-पाच, आणि त्यांत एनॉक ऑर्मरॉड.

त्या संध्याकाळी तो परसात बादलीजवळ उभा राहून आतल्या सेलिनाला सांगत होता. साबणाने डोळे मिटलेले, तरी तोंड चालू.

“पहिली रांग, सेलिना. हाय स्ट्रीटवरून. पुढून.”

“कान धू आधी.”

“डॉक्टर दारात उभे असतील. गिरणीवाला असेल. मी त्यांच्या पुढच्या दारासमोरून जाणार. आयुष्यात पहिल्यांदा, खांद्यावर पोतं नसताना.”

सेलिना ‘हं’ म्हणाली आणि टॉवेल बाहेर दिला. पण ते वाक्य तिच्या मनात रुतलं. नवऱ्याला परसात उघडं उभं करणाऱ्या त्या हातांनीच तिने त्या रात्री त्याची कडक गोल टोपी ब्रशने झाडून ठेवली.

दोन दिवसांनी क्लबाचे सेक्रेटरी पर्सिव्हल डक्सबरी यांनी नवा नियम काढला. शेजारच्या गावात एका मासेवाल्याने जुन्या बाजारातून कुणाचं तरी पदक आणून छातीवर लावलं, मिरवणुकीत ऐटीत चालला आणि वर्तमानपत्रात त्याचं हसं झालं. डक्सबरीसाहेबांनी महायुद्धात पलटणीचे कपडे मोजण्याचं काम इतकं चोख केलं होतं की अजून ते प्रत्येक माणसाकडे मापात बसतोय का अशा नजरेने बघायचे. त्यांनी ठरवलं, शुक्रवारी संध्याकाळी क्लबात पदकं तपासायची. ज्याच्या पदकाच्या कडेवर त्याचं स्वतःचं नाव, तोच पहिल्या रांगेत.

एनॉक खूश झाला. “बरोबर आहे,” तो म्हणाला. “असले भामटे बाहेरच ठेवले पाहिजेत.”

सेलिनाच्या हातातली बशी पडली नाही, कारण सेलिनाच्या हातून बश्या पडत नसत. पण तिने ती दोनदा पुसली.

तो कामावर जाताच तिने टॅबिथाला बोलावलं. दोघी खिडकीत बसल्या. टॅबिथाने चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला, पदक फिरवलं, परत फिरवलं.

“हे बघ, इथे ओ आहे.”

“तो ओरखडा आहे.”

“मग नाही काही. सेलिना, अगं, तू काय बाई आहेस. लोकांचे नवरे बायकांना पुसून टाकतात, तू उलटंच केलंस.”

“हसू नकोस.”

“मी कुठे हसतेय. टोपीची पिन आण. आपण कोरू नाव.”

“खोटं?”

“खोटं कसलं? त्याचंच तर आहे.”

लपवायचं कशाला, सेलिनाने क्षणभर त्याचा विचार केलाही. मग म्हणाली, “टोपीच्या पिनेने कोरलेलं ते चोराने कोरल्यासारखं दिसेल. नकोच.”

“मग त्याला सांग.”

सांगायचं ती रोज ठरवत होती. पण तो रोज नवं काहीतरी घेऊन यायचा. आज बँडवाल्यांना कोळसा टाकताना त्यांनी पावलं कशी टाकायची ते दाखवलं. आज म्हणे पाद्रीबाबा स्वतः म्हणाले, एनॉक, तुला बघायला येणार. आंघोळीची बादली रिकामी होईपर्यंत बोलत राहायचा. काय सांगणार? की तुझं नाव मी दर शुक्रवारी थोडं थोडं पाण्यात सोडलं?

शेवटी शुक्रवार उगवला. त्या दिवशी तिने पदक घासलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

क्लबात बायकांना खोलीत प्रवेश नव्हता, पण चहा करायला चालायच्या. म्हणून सेलिना आणि टॅबिथा मागच्या स्वयंपाकघरात होत्या आणि मधल्या भिंतीतली चहा द्यायची छोटी खिडकी, हवा यावी म्हणून, उघडी होती. खोलीत पुरुष बसले होते. डक्सबरी टेबलामागे, हातात भिंग. एकेक म्हातारा पुढे जायचा, डक्सबरी नाव वाचायचा, मान हलवायचा.

एनॉक उभा राहिला. केस पाणी लावून बसवलेले, मान इतकी घासलेली की लाल. त्याने पदक ठेवलं.

डक्सबरीने भिंग लावलं. भिंग काढलं, काच पुसली, परत लावलं.

“ऑर्मरॉड, इथे काही नाही.”

“काय नाही?”

“नाव नाही. नंबर नाही. राणीही,” त्याने पदक उलटं केलं, “नाहीच म्हणायला हवं.”

खोलीत खुर्च्या करकरल्या. एनॉकने पदक उचललं आणि दिव्याजवळ नेलं. कित्येक वर्षांनी त्याने ते स्वतःच्या हातात घेतलं होतं. अंगठा कडेवरून एक पूर्ण फेरी फिरला. मग त्याने मान वर केली आणि त्याची नजर चहाच्या खिडकीकडे गेली. तिथे सेलिनाचा चेहरा होता, आणि त्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं.

एनॉकने घसा साफ केला.

“मीच घासलं ते,” तो म्हणाला. “माझीच सवय. हातात आलं की घासत बसायचो. गाडीवर बसल्या बसल्या.”

यावर सेलिना गप्प बसली असती, तर कदाचित तिथेच मिटलं असतं. नवरा आपल्यासाठी खोटं बोलतोय हे तिला कळत होतं, डोळ्यांत पाणीही आलं होतं. पण त्याच वेळी आणखीही काहीतरी कळत होतं, आणि ते सहन होईना. दर शुक्रवारची तिची मेहनत, आणि श्रेय या माणसाला? ती किटली हातात घेऊन दार ढकलून सरळ आत आली.

“याने?” ती म्हणाली. “याने जन्मात काही घासलं असेल तर विचारा. स्वतःचे कान घासत नाही हा. मी घासलंय ते. या दोन हातांनी. या गावात माझ्यासारखी चांदी कोण काढतं ते सांगा.”

“मिसेस ऑर्मरॉड, बायकांना इथे—”

“चॅपल कुणी बांधलं, कधी बांधलं ते सांगणारी दाराजवळची पितळी पाटी कुणाला तरी वाचता येते का आता? सगळे म्हणतात हवेने झिजली. हवा कसली. मीच ती हवा.”

पाद्रीबाबा तिथे नव्हते हे बरं. टॅबिथा खिडकीतून म्हणाली, “खरं आहे. मी साक्षीला आहे.” मग कुणीतरी हसलं, आणि हसू खोलीभर फिरलं. डक्सबरीच्याही मिशीखाली काहीतरी हललं. पण नियम म्हणजे नियम.

“घासलं हे मान्य,” तो म्हणाला. “पण घासायच्या आधी तिथे कुणाचं नाव होतं? मासेवाल्याची बायकोही उद्या हेच म्हणेल.”

तेव्हा कोपऱ्यातून एक आवाज आला. हा विल्फ स्कोल्स. आयुष्य ब्रॅडफर्डमध्ये काढून नुकताच मुलीकडे राहायला आलेला, एका कानाने बहिरा, क्रॉसडेलमध्ये कुणाच्या फारसा ओळखीचा नसलेला. त्याच्या पदकावरचं नाव ठणठणीत होतं, आणि पलटण तीच होती.

“त्या टेकडीवर मी होतो,” स्कोल्स म्हणाला. “इथे आल्यापासून ऐकतोय, तुम्ही बिगुलवाल्याच्या मागे चौथे होता म्हणून. बिगुलवाल्याच्या मागे चौथा मी होतो.”

आता मात्र कुणी हसलं नाही. सेलिनाने किटली टेबलावर ठेवली, तीही कापडाशिवाय, पॉलिशवर.

एनॉक बराच वेळ टोपीची कड फिरवत राहिला. खरं बोलावं तर बटाट्याच्या ‘पाय’सोबतची इतक्या वर्षांची गोष्ट जाते, आणि नाही बोलावं तर हाय स्ट्रीट जातो.

“मी टेकडीवर नव्हतो,” तो शेवटी म्हणाला. “म्हणजे लढताना नव्हतो. मी खाली होतो. खेचरांवर. पाण्याचे डबे वर न्यायचं काम माझ्याकडे होतं. अंधार पडायला लागल्यावर वर आलो. खेचर चढेना. डचेस म्हणायचो तिला आम्ही. बिगुलवाल्याला मी पाहिलंसुद्धा नाही.”

तो सेलिनाकडे बघत नव्हता. सेलिना त्याच्याकडेच बघत होती. इतकी वर्षं एका छपराखाली राहून हे खेचर तिला आजच भेटत होतं.

स्कोल्सने चांगला कान पुढे केला. “त्या खेचराला काही बोलत होता तुम्ही?”

“बोलत होतो.”

“काय?”

एनॉक लाल झाला. कोळसेवाला लाल झालेला क्रॉसडेलने त्या दिवशी पाहिला. “ते इथे बोलण्यासारखं नाही. बायका आहेत.”

“मी दिवसभर उन्हात पडून होतो,” स्कोल्स म्हणाला. “पायात गोळी. जीभ टाळ्याला चिकटलेली. संध्याकाळी खालून कुणीतरी वर येताना ऐकलं. माणूस दिसला नाही, अंधार होता. आधी शिव्या आल्या, मग पाणी आलं. त्या शिव्यांइतकं गोड मी जन्मात काही ऐकलेलं नाही. तोंड मला आठवत नाही, आवाजही आता म्हातारा झाला असेल. पण त्या शिव्या मी कुठेही ओळखीन. म्हणा बघू.”

“चॅपलमध्ये शपथ घेतली आहे मी. लग्नाच्या आधी. अपशब्द बोलणार नाही म्हणून.”

सगळे सेलिनाकडे बघायला लागले, कारण ती शपथ कुणी घ्यायला लावली हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सेलिनाने एप्रनला हात पुसले. “म्हण,” ती म्हणाली. “मी कान झाकते.”

तिने कान झाकले. टॅबिथानेही झाकले, पण बोटं उघडी ठेवून.

एनॉकने डोळे मिटले. सुरुवातीला हळू, चाचरत. मग चढ लागला असावा, कारण आवाज चढला, खांदे पुढे आले, हात लगाम धरल्यासारखे झाले. अर्धे शब्द आमच्या लँकशायरचे होते आणि अर्धे तिकडच्या खेचरवाल्यांकडून उचललेले. ते कुणाला कळले नाहीत, पण पोचले. डचेसचे आईबाप झाले, आजी झाली, तिचं शेपूट झालं, तिचं भविष्य झालं. डक्सबरीच्या हातातलं भिंग खाली आलं. बँडमधला बासरीवाला आदराने उभा राहिला. असं न अडखळता, एका श्वासात, एकही शब्द दुसऱ्यांदा न वापरता, क्रॉसडेलमध्ये कुणी बोललं नव्हतं.

तो थांबला तेव्हा स्कोल्सचे डोळे ओले होते आणि तो हसतही होता.

“हाच तो,” स्कोल्स म्हणाला. “सेक्रेटरीसाहेब, लिहा. हा माझ्या शेजारी चालणार. नाहीतर मीही घरी बसतो.”

डक्सबरीने एनॉककडे पुन्हा एकदा पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. बहुतेक या वेळी माणूस मापात बसला. “पहिली रांग,” तो म्हणाला. “आणि ऑर्मरॉड, संचलनात तोंड बंद.”

दोघं घरी निघाली. मिल लेनच्या कोपऱ्यावर सेलिना म्हणाली, “खेचराबद्दल मला सांगायचं होतंस.”

“मेडल बघून तू लग्न केलंस. खेचराचं कळलं असतं तर केलं असतंस?”

“त्या स्कोल्सला पाणी नेऊन दिलंस ना तू?”

“दिलं.”

“मग काय,” सेलिना म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारलं, “शेपटाबद्दल जे म्हणालास, ते खरंच होऊ शकतं?”

“तू कान झाकले होतेस ना?”

सेलिनाने शाल कानांवरून ओढून घेतली.

संचलनाच्या सकाळी धुकं होतं. तिने त्याला पुढच्या दाराशी उभं केलं, पदक लावलं, दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. मग ती बाजूला झाली. “जा,” म्हणाली. “इथूनच.” त्याने पायरीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. पाय लांब टाकून पायरी ओलांडायचा त्याचा बेत दिसला. “पाय दे,” सेलिना म्हणाली. त्याने दिला, अगदी हलका, जणू तिथे मांजर झोपलंय.

हाय स्ट्रीटवर गर्दी होती. डॉक्टर पायऱ्यांवर उभे होते, गिरणीवाला टोपी काढून. बँड आला, त्यामागे म्हाताऱ्यांची रांग. एनॉक आणि स्कोल्स शेजारी शेजारी. स्कोल्स ओठ न हलवता काहीतरी पुटपुटत होता आणि एनॉकचे खांदे गदगदत होते. लांबून बघणाऱ्याला ते भावनेने वाटलं असतं.

सेलिनाशेजारी बर्नलीहून आलेली एक अनोळखी बाई उभी होती. तिने विचारलं, “यात तुमचा कोणता हो?”

“तो,” सेलिना म्हणाली. “ज्याच्या मेडलवर काहीच दिसत नाही.”

बाईने डोळे बारीक केले. “अगं बाई, खरंच. पण चमकतंय किती.”

“चमकणारच,” सेलिना म्हणाली, आणि तो हाय स्ट्रीट ओलांडून स्मारकापाशी उभा राहीपर्यंत तिने नजर हटवली नाही.